एकट्या रेणूला अवस्था नसते

विज्ञानाच्या शालेय वहीत एक आकृती हमखास असते. तीन चौकोन. पहिल्यात ठिपके एकमेकांना खेटून, ओळीने मांडलेले. दुसऱ्यात तेच ठिपके जरा विस्कटलेले, जरा लांब-लांब. तिसऱ्यात पाच-सहाच ठिपके, चौकोनभर विखुरलेले. खाली नावे : स्थायू, द्रव, वायू. आकृती पेन्सिलने काढायची, नावे द्यायची, गुण घ्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या मुले ती काढत आली आहेत, आणि तिच्यापाशी थबकून कोणी प्रश्न विचारल्याचे फारसे ऐकू येत नाही. ती इतकी उघड वाटते, की विचारायचे काय हेच सुचत नाही. माझे म्हणणे असे, की ती मुळीच उघड नाही. तिथवर पोचायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि ज्या कल्पनेपाशी सगळे अडत होते नेमकी तीच कल्पना आपण शिकवताना गाळतो.

एका प्रश्नाने ती बाहेर काढता येते. पाण्याचा एकच रेणू घेतला, तर तो द्रव असतो की वायू?

नववी-दहावीच्या मुलांना हे विचारून पाहावे. पाणी द्रव आहे, म्हणजे त्याचा कणही द्रवच असणार, असे उत्तर बहुधा येते. थोडी हुशार मुले म्हणतात, एकटाच आहे म्हणजे मोकळा, म्हणजे वायू. इस्राएलमधल्या रूथ बेन-झ्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याच स्वरूपाची चाचपणी करून एक लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते : तांब्याचा अणू ठोकून पसरवता येतो का? तांब्याच्या तारेचे गुण आणि तांब्याच्या एकट्या अणूचे गुण यांत दहावीच्या अनेक मुलांना फरकच दिसत नव्हता. तार लवचीक म्हणून अणू लवचीक, तार वीज वाहते म्हणून अणू वीज वाहतो. या मुलांनी अणूची व्याख्या नीट पाठ केलेली होती. पण त्यांच्या मनातला अणू म्हणजे पदार्थाचा अगदी बारीक तुकडाच होता : सोन्याचा कण पिवळा, मेणाचा कण मऊ, तापवला की कणही फुगणार आणि वितळणार.

रेणू द्रवही नसतो, वायूही नसतो आणि स्थायूही नसतो. बर्फातला, पेल्यातला आणि वाफेतला रेणू तोच : एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. त्याला वितळणे ठाऊक नाही आणि उकळणेही ठाऊक नाही. बदलते ते शेजाऱ्यांशी असलेले नाते : किती जवळ, किती घट्ट, जागा सोडता येते की नाही. अवस्था ही समूहाची गोष्ट आहे. एवढे एक वाक्य मनात बसले तर त्या तीन चौकोनांना अर्थ येतो, नाहीतर ते नुसते नक्षीकाम राहते.

मुलांची चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण मोठमोठ्या डोक्यांनी ती केली आहे. रोमन कवी लुक्रेशियसने अणूंवर अख्खे महाकाव्य लिहिले. त्यात कठीण पदार्थांचे अणू आकड्यांसारखे वाकडे, एकमेकांत अडकणारे, तर द्रवांचे अणू गुळगुळीत आणि गोल आहेत. म्हणजे कठीणपणा आणि वाहतेपणा दोन्ही अणूच्या अंगातच भरलेले.

आपल्याकडे वैशेषिकांनी याहून बारकाईने विचार केला. परमाणू, त्यांचे द्व्यणुक, त्यांचे त्र्यणुक अशी रचना त्यांनी मांडली, आणि ‘द्रवत्व’ हा एक स्वतंत्र गुण मानला. त्याचे दोन प्रकार : पाण्याचे द्रवत्व सांसिद्धिक, म्हणजे स्वभावतःच असलेले, तूप, लाख, सोने यांचे नैमित्तिक, अग्नीच्या संयोगाने आलेले. मग गार आणि हिम यांचे काय करायचे? पाणी स्वभावतःच द्रव असेल तर ते घट्ट कसे होते? प्रशस्तपादांच्या भाष्यात याचे उत्तर दिले आहे : दिव्य तेजाच्या संयोगामुळे पाण्याच्या परमाणूंचे द्रवत्व अडवले जाते. उत्तर आज पटणारे नाही, पण प्रश्न किती चोख पकडला आहे पाहा. परमाणूतच द्रवत्व आहे असे एकदा मानले, की घट्ट पाण्याचे स्पष्टीकरण बाहेरून आणावे लागते, हे त्यांना कळत होते आणि ते त्यांनी टाळले नाही.

याहून रंगतदार वाद मडक्याचा. कच्चे मडके काळपट, भट्टीतून आले की लाल. बदल कुठे झाला? वैशेषिक म्हणाले, परमाणूंत. मडके विघटित होऊन परमाणूंपर्यंत जाते, त्यांचा रंग पालटतो आणि मडके पुन्हा जुळते. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, छे, मडके अख्खे राहते आणि अख्ख्याचाच रंग बदलतो. हा पिठरपाकवाद. गुण सुट्या कणात की गोळा झालेल्या वस्तूत, हा रसायनशास्त्राच्या पायाचा प्रश्न कुंभाराच्या आव्याशेजारी उभे राहून ही मंडळी विचारत होती. आज मोबाइलवर फिरणारे निरोप सांगतात, की कणादांनी अणुसिद्धान्त आधीच सांगून ठेवला होता आणि पाश्चात्त्यांनी तो उचलला. हे सांगणाऱ्यांनी कणादांचा मोठा अपमान केला आहे. वैशेषिकांचे परमाणू गंध, रस, रूप, स्पर्श बाळगणारे होते, पृथ्वीचे वेगळे, पाण्याचे वेगळे. आधुनिक अणूला रंग नाही, वास नाही, ओलेपणा नाही. दोन्ही एकच म्हटले की वैशेषिकांनी खरोखर केलेला विचारही पुसला जातो आणि पुढची उडी किती मोठी होती तेही.

ती उडी डाल्टनने मारली असे आपण शिकतो, आणि ते अर्धेच खरे आहे. १८०८ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाने अणूंना वजने दिली आणि रसायनशास्त्राला हिशेब दिला. पण डाल्टनचे वायूतले अणू स्वस्थ होते. त्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रवपदार्थ मानला जाई. डाल्टनच्या चित्रात प्रत्येक अणूभोवती या उष्णतेचे कवच होते, आणि वायूमध्ये ही कवचे एकमेकांना टेकलेली, एकमेकांना रेटत असलेली. म्हणजे वायू खचाखच भरलेला. रिकामी जागा नाही आणि धावपळही नाही. कण मान्य करूनही कणांची हालचाल आणि मधले रितेपण मान्य न करणे शक्य असते, हे या उदाहरणावरून दिसते.

हालचालीची गोष्ट मुंबईतून जाते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

जॉन जेम्स वॉटरस्टन हा एडिंबरोचा, जन्म १८११. १८३९च्या सुमारास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या उमेदवारांना शिकवण्यासाठी मुंबईला आला. याच शहरात, याच काळात बाळशास्त्री जांभेकर ‘दिग्दर्शन’ मासिकातून मराठी वाचकाला भूगोल आणि सृष्टिविज्ञान समजावून सांगत होते. वॉटरस्टनने नोकरी सांभाळून एक दीर्घ निबंध लिहिला आणि १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. त्यातली कल्पना अशी : वायू म्हणजे सुटे, पूर्ण लवचीक रेणू, सतत सर्व दिशांना धावणारे. भिंतींवर त्यांचे जे आघात होतात तोच वायूचा दाब. त्यांच्या वेगाच्या वर्गाला वस्तुमानाने गुणून जे येते त्याच्याशी तापमान बांधलेले. वायूंच्या मिश्रणात हलके रेणू वेगाने आणि जड रेणू सावकाश, अशा बेताने की प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ऊर्जा सारखीच यावी. पुढे भौतिकशास्त्राचा एक आधारस्तंभ ठरलेला नियम मुंबईतल्या एका मास्तराने १८४५ साली लिहून ठेवला होता.

सोसायटीच्या एका परीक्षकाने तो निव्वळ वेडगळपणा ठरवला, सभेपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही असा शेरा दिला. निबंधाचा थोडा गोषवारा तेवढा छापला गेला. मूळ हस्तलिखित नियमाप्रमाणे सोसायटीच्या दप्तरात जमा झाले. वॉटरस्टनने स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती, त्यामुळे ते दुसरीकडे छापायची वाटही बंद झाली. मग १८५६ मध्ये क्रोनिग, १८५७ मध्ये क्लॉसियस, १८६० मध्ये मॅक्सवेल अशा क्रमाने तेच विचार जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये पुन्हा उभे राहिले आणि मान्यता पावले. वॉटरस्टन १८८३ मध्ये एके दिवशी घराबाहेर पडला तो परतलाच नाही. त्यानंतर आठ वर्षांनी, सोसायटीचे सचिव असलेल्या लॉर्ड रेले यांना त्याच्या एका जुन्या लेखातल्या उल्लेखावरून दप्तरात तो निबंध सापडला, आणि १८९२ मध्ये तो छापला गेला. रेले यांनी प्रस्तावनेत हळहळ व्यक्त केली. पण त्याचबरोबर, अनोळखी लेखकाने असे धाडसी तर्क आधी विद्वत्सभेकडे नेऊ नयेत, दुसऱ्या वाटेने लोकांपुढे मांडावेत, असा सल्लाही दिला. मला तो सल्ला अजून खटकतो. चूक दाराबाहेर उभ्या असलेल्याची होती की दाराआतल्यांची, याबद्दल रेले यांच्या मनात संशय नसावा असे वाटत नाही, पण लिहिताना त्यांनी दाराची बाजू घेतली.

परीक्षक मूर्ख नव्हते, हेही म्हटले पाहिजे. धावणाऱ्या रेणूंची कल्पना अनुभवाला सरळ छेद देते. डच हवामानशास्त्रज्ञ बाय्स बॅलट याने १८५८ मध्ये क्लॉसियसला जी हरकत घेतली ती कोणाही चौकस माणसाला सुचावी अशी आहे. रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतील, तर जेवणाच्या वासाला दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायला इतका वेळ का लागतो? स्वयंपाकघरात फोडणी पडली की बैठकीत त्याच क्षणी ठसका लागायला हवा. क्लॉसियसने उत्तर दिले : धावतात, पण पोचत नाहीत. क्षणोक्षणी दुसऱ्यावर आदळतात आणि दिशा बदलते. आजचे आकडे असे, की खोलीतल्या हवेत नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी पावणेपाचशे मीटरच्या आसपास वेगाने जातो, पण दोन टकरींच्या मध्ये त्याला मिळणारी मोकळी वाट मिलिमीटरच्या साधारण पंधरा हजाराव्या भागाएवढीच असते. सेकंदाला काही अब्ज टकरा होतात. हरकतीमुळे सिद्धान्त मोडला नाही, उलट त्याला एक नवे माप मिळाले. विज्ञानाच्या तासाला मी काय शिकवावे असे कोणी विचारले तर मी तीन चौकोनांच्या आधी ही हरकत सांगेन, कारण ती मुलांच्या नाकाला पटते.

तरीही अणू न मानणारे विद्वान शतकाच्या शेवटापर्यंत होते, आणि ते साधेसुधे नव्हते. रसायनशास्त्राचा मोठा आचार्य विल्हेल्म ओस्टवाल्ड म्हणे, ऊर्जेच्या भाषेत सगळे सांगता येते, न दिसणाऱ्या गोळ्या कशाला हव्यात? अणूंची बाजू घेणाऱ्या बोल्ट्‌झमनने त्याच्याशी अनेक वर्षे झुंज दिली आणि १९०६ मध्ये स्वतःचा अंत करून घेतला. त्याच्या आदल्याच वर्षी आइनस्टाइनने दाखवले होते, की पाण्यात तरंगणारे बारीक कण जे थरथरत राहतात, १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले, त्या थरथरण्याचा हिशेब करून रेणूंची संख्या काढता येईल. हा हिशेब प्रत्यक्षात उतरवला पॅरिसच्या झां पेरँ यांनी. त्यांनी घेतला गॅम्बोज नावाचा पिवळा डिंक. तो गार्सिनिया कुळातल्या झाडांचा, म्हणजे आपल्या कोकमाचीच भावकी. त्याचे एकसारख्या आकाराचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात सोडून ते वेगवेगळ्या उंचीवर किती आहेत हे पेरँ यांनी मोजले. गोळे तळाशी जाऊन निपचित पडले नाहीत. दर तीस मायक्रॉन वर गेले की त्यांची संख्या जवळपास निम्मी होई : १००, ४७, २२.६, १२. डोंगरावर जाताना हवा जशी विरळ होत जाते, तोच नियम सूक्ष्मदर्शकाखालच्या एका थेंबात दिसत होता. म्हणजे हे गोळे रेणूंसारखेच वागत होते, फक्त डोळ्यांना दिसण्याइतके मोठे. त्यावरून अव्हॅगाड्रोची संख्या निघाली आणि ती दुसऱ्या मार्गांनी काढलेल्या संख्यांच्या जवळ आली. ओस्टवाल्डने १९०९ मध्ये आलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत अणू मान्य करून टाकला. पेरँ यांना १९२६ चे नोबेल मिळाले.

आता चौकोनांकडे येऊ. त्यांतला दुसरा चौकोन सरळ खोटा आहे. द्रवाचे ठिपके स्थायू आणि वायू यांच्या बरोबर मधोमध, अर्ध्या अंतरावर काढलेले असतात. प्रत्यक्षात बहुतेक पदार्थ वितळताना काही टक्केच फुगतात, म्हणजे द्रवातले कणही जवळपास एकमेकांना टेकलेलेच असतात. पाणी तर उलटेच वागते. बर्फ वितळला की आकारमान आठ-एक टक्क्यांनी कमी होते, म्हणजे पाण्याचे रेणू बर्फातल्यापेक्षा दाट असतात. म्हणूनच बर्फ तरंगतो आणि गोठलेल्या पाण्याने काचेची बाटली फुटते. याउलट एक मिलिलिटर पाण्याची १०० अंशांवरची वाफ सुमारे १,६७० मिलिलिटर होते. बाराचा घन १,७२८. म्हणजे वाफेतले रेणू द्रवातल्यापेक्षा एकमेकांपासून सरासरी बारा पट लांब. हे गणित सातवीचे मूल करू शकते, आणि एकदा केले की त्याला चौकोन नव्याने काढावासा वाटेल : पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा बहुतांशी रिकामा.

उष्णतेचा हिशेबही हेच सांगतो. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी, ते पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत न्यायला १००, आणि त्याची वाफ करायला ५४०. वितळताना आणि उकळताना तापमापकातला पारा हलत नाही, हे जोसेफ ब्लॅकने ग्लासगोला १७६०च्या दशकात नोंदवले आणि त्या उष्णतेला अप्रकट म्हटले. रेणूंच्या भाषेत ती कुठे लपत नाही. ती वेग वाढवण्यात खर्च न होता शेजाऱ्यांची पकड सोडवण्यात खर्च होते. वितळताना पकड फक्त सैल होते म्हणून ८०. उकळताना ती पुरती तुटते म्हणून ५४०. या तीन आकड्यांत अवस्थांचे अर्धे शास्त्र आहे, आणि परीक्षेत ते फक्त ‘अप्रकट उष्मा म्हणजे काय?’ एवढ्यावर संपते.

अवस्था समूहाची असेल, तर समूह केवढा हवा? हा प्रश्न पूर्वी तात्त्विक वाटला असता. आता तो मोजता येतो. २०१२ मध्ये गॉटिंगन आणि प्राग इथल्या संशोधकांनी पाण्याच्या रेणूंचे लहान-लहान पुंजके तयार करून ते थंड केले आणि बर्फाची स्फटिकरचना केव्हापासून दिसू लागते ते पाहिले. उत्तर आले : सुमारे २७५ रेणूंपासून. त्याहून लहान पुंजक्यात बर्फ म्हणावे असे काही नसते, कारण त्यातले बहुतेक रेणू पृष्ठभागावरच असतात आणि त्यांना पुरेसे शेजारीच मिळत नाहीत. सोन्याचेही तसेच. सराफाकडचे शुद्ध सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण दोन-तीन नॅनोमीटरचा सोन्याचा कण त्याच्या कित्येक शे अंश आधीच वितळतो. म्हणजे विलयबिंदू हा ‘सोने’ नावाच्या अणूचा गुण म्हणून पाठ करायचा आकडा उरत नाही. तो किती अणू एकत्र आहेत यावर ठरतो.

आणि दाबावर. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांच्या आसपास उकळते, कुकरात १२० च्या आसपास. हे सगळ्यांना माहीत असते. कमी लोकांना माहीत असते ते पुढचे. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर दाब वाढवत नेला आणि दाखवले, की सुमारे ३१ अंशांच्या वर कितीही दाबले तरी द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषा उमटतच नाही. त्याहून मजेची गोष्ट : हा वायू आधी तापवून, मग दाबून, मग थंड करून अशा वळणाने नेला, तर तो द्रव होतो, पण कधी झाला तो क्षण दाखवता येत नाही. वाटेत कुठेही थेंब पडत नाही, बुडबुडा येत नाही. चार वर्षांनी डच संशोधक व्हॅन डर वाल्सने आपल्या प्रबंधात याचे कारण दिले : रेणूंना स्वतःची जागा लागते आणि ते एकमेकांना ओढतात, एवढ्या दोन गोष्टी धरल्या की द्रव आणि वायू एकाच समीकरणात बसतात.

ही प्रयोगशाळेतली करामत वाटेल तर नागपूरजवळच्या कोराडीला जावे. तिथले ६६० मेगावॅटचे तीन संच अतिक्रांतिक दाबावर चालतात. पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश आणि वातावरणाच्या सुमारे २१८ पट दाब. त्याहून जास्त दाबाने बॉयलरच्या नळ्यांत एका टोकाने पाणी आत जाते, दुसऱ्या टोकाने वाफ टर्बाइनकडे जाते, आणि मध्ये ते पाणी उकळतच नाही. जुन्या २१० मेगावॅटच्या संचांत उकळते पाणी आणि वाफ वेगळी करायला बॉयलरवर मोठा ड्रम असे. पूर्ण भारावर चालणाऱ्या नव्या संचात असा ड्रम लागत नाही, कारण वेगळे करायला दोन गोष्टीच नसतात. विदर्भातल्या घरांत दिवे लागतात ते अशा पाण्यावर, ज्याला द्रव म्हणावे की वायू हा प्रश्नच लागू पडत नाही. शाळेतल्या फळ्यावर मात्र पाणी शंभर अंशांना उकळते.

यावर शिक्षकांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते रास्त आहे. बारा वर्षांच्या मुलाला क्रांतिक बिंदू सांगायचा का? नाही. साधे चित्र आधी हवेच, आणि प्रत्येक साधे चित्र कुठेतरी खोटे असते. पण खोटेपणाचे दोन प्रकार असतात. काही चित्रे पुढे दुरुस्त होतात, काही पुढची वाटच अडवतात. पाणी शंभर अंशांना उकळते हे पहिल्या प्रकारचे. दाब शिकला की ते सहज सुधारते. कण म्हणजे पदार्थाचा बारीक तुकडा हे दुसऱ्या प्रकारचे. ते डोक्यात ठेवून मूल अकरावीला गेले की रासायनिक बंध, द्रावण, उकळबिंदूंतले फरक सगळे नुसते पाठांतर होते. रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या प्रसिद्ध व्याख्यानमालेच्या सुरुवातीला विचारले होते, की सगळे ज्ञान नष्ट होऊन एकच वाक्य पुढच्या लोकांना देता आले तर कोणते द्यावे? त्यांनी निवडलेल्या वाक्यात कण होते, त्यांची न थांबणारी हालचाल होती, थोड्या अंतरावरची ओढ आणि फार जवळ दाबल्यावरचा विरोध होता. स्थायू, द्रव, वायू यांचा त्यात उल्लेखही नव्हता. ते त्या वाक्यातून आपोआप निघतात.

आपण उलट्या टोकाने सुरू करतो : आधी तीन डबे, मग पदार्थ डब्यांत टाकणे. मग डबे वाढवत नेण्याची स्पर्धा लागते. चौथी अवस्था प्लाझ्मा, पाचवी बोस-आइनस्टाइन संघनन, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात दोन गुणांची सोय. एकट्या बर्फाचेच वीसच्या आसपास स्फटिकप्रकार माहीत आहेत, ते कोणत्या डब्यात? आणि संप्लवनाची ती यादी : कापूर, आयोडीन, नॅफ्थलीन, नवसागर, ‘हे पदार्थ द्रव न होता थेट वायू होतात.’ डांबरगोळीतले नॅफ्थलीन ८० अंशांना वितळते. आयोडीन ११४ अंशांना वितळते, काळजीपूर्वक तापवले तर त्याचा द्रव नळीत दिसतो. कापूरही वितळतो. हे पदार्थ खोलीच्या तापमानालाच इतके उडतात, की न वितळता नाहीसे होताना दिसतात, एवढेच खरे. नवसागर तर संप्लवन करतच नाही. तो तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असा फुटतो आणि थंड जागी पुन्हा जुळतो, जो रासायनिक बदल आहे. वातावरणाच्या दाबाला न वितळणारा या जातीचा खरा पदार्थ म्हणजे कोरडा बर्फ, आणि तोही पाच-सव्वापाच वातावरणांच्या वर दाबला तर वितळतो. डबे आधी आणि कारण नंतर, या क्रमाने शिकवले की यादीच ज्ञान होऊन बसते.

पुष्कळ शिक्षक वर्गातच एक नाटक करून घेतात : बाकावर बसलेली मुले स्थायू, वर्गात इकडे-तिकडे फिरणारी द्रव, शाळा सुटल्यावर मैदानभर पळणारी वायू. छापील आकृतीपेक्षा हे कितीतरी चांगले आहे. फिरणारी मुले त्याच वर्गात, तितक्याच दाटीत असतात, म्हणजे द्रव बरोबर जमतो. आणि एकट्या मुलाकडे बोट दाखवून हा स्थायू की द्रव असे विचारता येत नाही, हेही आपसूक कळते. त्यात उणीव एकच, आणि ती मोठी आहे. मुलांच्या मध्ये हवा असते, रेणूंच्या मध्ये काहीच नसते.

१९७८ मध्ये नोव्हिक आणि नुसबाउम या संशोधकांनी इस्राएलमधल्या मुलांना एक चंबू दाखवला, पंपाने त्यातली थोडी हवा काढून घेतली आणि उरलेली हवा कशी दिसेल ते काढायला सांगितले. काहींनी चंबूच्या एका भागात हवेचा सलग पट्टा काढला. काहींनी ठिपके काढले. मग विचारले, या ठिपक्यांच्या मध्ये काय आहे? कण मानणाऱ्या मुलांतही पुष्कळांनी ती जागा कशाने तरी भरली : धूळ, बाष्प, आणखी कण, हवा. हवेच्या कणांमध्ये हवा. डाल्टनने उष्णतेची कवचे टेकवून वायू भरला होता, त्याच कारणाने. निर्वात जागा असू शकत नाही असे ॲरिस्टॉटलने सांगितले, आणि युरोपाने ते शतकानुशतके मानले. ही आठवी-नववीची मुले ॲरिस्टॉटल न वाचताच तिथे पोचली होती. हा प्रयोग करायला चंबू आणि पंपही लागत नाही. एक बिनसुईची पिचकारी पुरते : तोंड बोटाने दाबून आधी हवा भरून दट्ट्या रेटायला सांगायचा, मग पाणी भरून. मग वही उघडून दोन चित्रे, आणि फळ्यावर तोच एक प्रश्न. तासभर भांडू द्यावे. उत्तर दुसऱ्या दिवशी सांगितले तरी चालते.